अंधारात दिसणारा कॅमेरा

३ नोव्हेंबर, सोमवार

रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोकांवर ओरडण्यापेक्षा वहीत लिहीत चला. तेव्हा लिहितो. या नारिन गावात ओरडण्यासारखं इतकं आहे की एक वही पुरायची नाही.

राजधानीत, बिश्केकच्या स्टुडिओत, माझी उमेदीची सगळी वर्षं कॅमेऱ्यामागे गेली. स्टुडिओला कुलूप लागलं आणि ऑगस्टपासून मी इथल्या कॉलेजच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख झालो. विभागात दोघेच आहोत, मी आणि एक शिडी. दोघांपैकी शिडीला जास्त मागणी आहे.

आज राजधानीच्या कार्यालयातून दोन फर्मानं आली. पहिलं, जुन्या शिक्षकांची व्याख्यानं चित्रित करून ठेवा, कॅमेऱ्याचे पैसे वर्षअखेरीपूर्वी संपवा. दुसरं, सत्तरीपुढचे शिक्षक धडधाकट असतील तरच पुढे ठेवायचे, आणि ते बघायला डिसेंबरात एक बाई येणार. संचालक शारशेन यांनी दुसरा कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. पहिला माझ्या अंगावर टाकला.

आमच्याकडे सत्तरीपुढचे एकच, ओस्मोनकुल आगाय. आगाय म्हणजे गुरुजी, पण इथे आगाय म्हटलं की तेच. आयुष्यभर हिमनद्यांवर हिंडले, आता दर मंगळवारी त्यांच्यावर बोलतात. तेही सगळे दिवे घालवून, जाड पडदे ओढून, आजोबांच्या काळातल्या स्लाइड-प्रोजेक्टरवर. मला चित्रित करायचाय तो अंधारात बसलेला एक म्हातारा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॉलेजचा जुना कॅमेरा कपाटातून काढला. कुण्या लग्नाच्या शूटिंगवाल्यानं टाकून दिलेला असावा. त्यानं आजचं व्याख्यान टिपलं. पडद्यावरची स्लाइड पांढरी फट्ट आणि बाकी सगळीकडे मुंग्यांचं वारूळ. त्या मुंग्यांत आगाय कुठे आणि खांब कुठे, ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं.

दरबार मात्र बघण्यासारखा होता. आगाय आले की जो तो जवळ जाऊन स्वतःचं नाव घोषित करतो. "आगाय, मी कुबात, तिसऱ्या वर्षाचा." "आगाय, मी अनिपा, कचेरीतली." रोज भेटणारी माणसं ही. संचालकसुद्धा. "आगाय, शारशेन आलोय." इतकी हुजरेगिरी मी मंत्र्यांच्या मुलाखतीतही पाहिली नाही. मी काही नाव सांगितलं नाही. समोरून गेलो, मानेनं नमस्कार केला. म्हाताऱ्यानं ओळखही दाखवली नाही.

आणि ती सून, बुरुल. डोक्याला रुमाल, नजर खाली. सासऱ्याचं कोपर धरून आणते, कोट काढते, खुर्ची मांडते, अर्धी वाटी चहा ओतून त्यांच्या दोन्ही हातांत देते आणि बोटं मिटेपर्यंत सोडत नाही. प्रोजेक्टरही तीच चालवते. स्लाइड बदलण्याआधी बाहीला हात लावते. सगळे म्हणतात, सून असावी तर अशी. माझ्या बायकोनं, नांदत होती तोवर, मला चहाची वाटी सरकवली असेल, हातात कधी दिली नाही, आणि तेच बरोबर होतं. कुठल्या शतकात राहतात हे लोक?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आगायच्या खोलीत गेलो. तिन्हीसांज झालेली, दिवा लावलेला नाही. वीज वाचवा असा आदेश आहे खरा, पण इतका इमानदारीनं पाळणारा हा पहिलाच. मी दारात उभा राहिलो.

"कोण?"

"दिसत नाही का?" मी म्हणालो.

ते हसले. "अंधार पडलाय ना, पोरा."

मी नाव सांगितलं, अगदी नाइलाजानं. मग माझा बेत मांडला. सगळ्या स्लाइड मी स्कॅन करतो, हॉलमध्ये चार चांगले दिवे लावतो, तुम्ही उजेडात उभे राहून बोला. पृथ्वीवर बाकी सगळीकडे हे असंच करतात.

"नको," ते म्हणाले. "बर्फ अंधारातच बघायचा असतो. उजेड केला की पोरं एकमेकांची तोंडं बघत बसतात."

"मग तुमचं तोंड कसं दिसायचं?"

"माझ्या तोंडाशी काय करायचंय? आवाज येईल ना नीट?"

आवाजासाठी रेडिओ असतो, हे मी गिळलं. बाहेर पडताना सून आत आली. तिनं आधी स्वतःची चाहूल दिली, खोकली, मग म्हणाली, "बाबा, मी." दिवा तिनंही लावला नाही. हट्टी माणसाच्या घरात राहून माणसं हट्टी होतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. अंधारात दिवे मागायचे नाहीत, अंधार पचवणारा कॅमेरा आणायचा. मोठा सेन्सर हवा, म्हणजे मिळेल तितका उजेड पोटात घेईल. लेन्सचं तोंड मोठं हवं. स्लाइड पांढरी आणि माणूस काळा, हे दोन्ही एकदम झेपायला हवं. झूमचे मोठाले आकडे बघून भाळायचं नाही, ते दुकानदारांचे खेळ. तीन कॅमेऱ्यांचा तक्ता करून शारशेन बायकेंपुढे ठेवला. वयानं आणि हुद्द्यानं मोठे, म्हणून बायके म्हणायचं. अकलेचा त्यात संबंध नाही.

त्यांनी तक्ता उलटा धरला होता की काय कोण जाणे. म्हणाले, "जुना आहे की."

"त्यात काही दिसत नाही, बायके."

"आवाज येतो ना? मग एखादा चांगला माईक घे."

"पैसे कॅमेऱ्यासाठी आलेत."

"मारलेन," ते म्हणाले, "तू गावात नवा आहेस. जरा सबुरीनं घे. सगळंच काही लख्ख दिसायला हवं असं नसतं."

हा माणूस तरुणपणी आगायचा तंबू पाठीवर घेऊन बर्फात फिरायचा म्हणे. तिथेच डोकं गारठलं असणार. तंबू वाहणाऱ्याला संचालक केलं की कॅमेऱ्याच्या जागी माईक येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिश्केकच्या जुन्या दोस्ताकडून कॅमेरा महिनाभर वापरून बघायला मागवला. शेअर टॅक्सीच्या मागच्या सीटवर बटाट्याच्या पोत्याशेजारी बसून आला, पण धड आला. आज व्याख्यानाला लावला.

काय सांगू. अंधारात त्यानं जे पाहिलं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आगायच्या भुवईचा केस न् केस दिसतो. कोटाच्या कॉलरवरचं टाक्यांचं काम दिसतं. आणि स्लाइड तरीही फट्ट नाही, बर्फातली निळी भेग जशीच्या तशी. स्टुडिओत असताना असा कॅमेरा मिळाला असता तर स्टुडिओ बुडाला नसता.

एकच खोट. आगायच्या बुबुळांवर दुधी झाक येते. लेन्सच्या काचेचा दोष असावा. दोनदा पुसली, जात नाही. सुनेच्या डोळ्यांत येत नाही, त्यांच्याच येते, तेव्हा कोनाचा प्रश्न असेल. दोस्ताला विचारायला हवं.

कॅमेऱ्यानं म्हाताऱ्याचा तोराही नेमका पकडला. बोलताना एकदासुद्धा पोरांकडे बघत नाहीत, पडद्याकडे तर नाहीच. सगळ्यांच्या डोक्यांवरून कुठेतरी लांब बघतात. काठी दाखवतात ती पडद्याच्या बाजूच्या भिंतीवर, कोण विचारणार आपल्याला अशा थाटात. मधे बुरुलनं एक स्लाइड उलटी घातली. डोंगर वर टांगलेले, आभाळ पायाशी. आगाय आपले बोलतच राहिले, "इथे खाली बघा, नदी सुरू होते." आणि पोरं गप्प. एकही हसलं नाही. आमच्या वेळी शिट्ट्यांनी छप्पर उडालं असतं. ही पोरं म्हणजे मेंढरं. सुनेनं बाही ओढून स्लाइड सरळ केली.

बोलतात मात्र चांगलं, हे लिहायला हवं. "या दगडापाशी मी तरुणपणी तंबू ठोकला होता, बर्फ उशाला होता. आता तिथे मेंढ्या चरतात आणि बर्फ बघायला अर्धा दिवस चालावं लागतं." मी फोकस विसरून ऐकत बसलो होतो. हिमनदीचं नाव, साल, वारा कुठून होता, सगळं तोंडपाठ. स्लाइडवर एक अक्षर लिहिलेलं नाही. म्हातारा गेला की ही नुसती पांढऱ्या डोंगरांची चित्रं उरतील. म्हणून तर म्हणतो, चांगलं चित्रण हवं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शारशेन बायकेंना चित्रण दाखवलं. मला वाटलं, आता तरी तोंडाचा आ होईल. ते बघत राहिले. मग उठून दार लावलं.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"अजून नाही."

"पुसून टाक. कॅमेरा परत पाठव."

"का? खोट काय आहे यात?"

त्यांनी खिडकीचा पडदाही ओढला. मग म्हणाले, "फार स्वच्छ दिसतं."

घरी येईस्तोवर हसत होतो. कॅमेऱ्यात खोट काय, तर दिसतं. उद्या स्वयंपाकिणीला काढून टाकतील, जेवण चवदार होतं म्हणून. मी पुसलं नाही अर्थात. आणि संशय येतो तो वेगळाच. दार लावून विचारलं, कुणी पाहिलंय का. म्हणजे श्रेय स्वतः घ्यायचा डाव दिसतो.

१ डिसेंबर, सोमवार

अकरा तारखेला पर्वतदिन. सगळं कॉलेज हॉलमध्ये जमणार, राजधानीची ती बाईही त्याच दिवशी येणार. आगायना ठेवायचं की घरी पाठवायचं, ते ती ठरवणार. पडदा, संगणक, ध्वनी, सगळं माझ्या हातात. कार्यक्रमात 'जुनी छायाचित्रं' असं एक कलम आहे. त्या जागी मी माझं चित्रण लावणार. बाईच्या डोळ्यांदेखत हॉल थक्क होईल, कॅमेरा मंजूर होईल, आणि म्हाताऱ्याचं कामही आपोआप होईल. इतकं सुंदर चित्रण बघून कोण त्याला घरी पाठवेल? उपकार करतोय मी, पण इथे कुणाला कळणार.

संध्याकाळी बुरुल आली. बशीभर गरम बोर्सोक आणले होते, कणकेचे, तुपात तळलेले. दारातच उभी.

"बायके, त्या कॅमेऱ्यात बाबांचा चेहरा येतो का?"

"येणारच. त्यासाठीच आहे तो."

"लांबून घेता नाही येणार? पाठीमागून?"

"पाठीमागून? पाठीचं व्याख्यान असतं का, बाई?"

तिनं रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. "लोकांसमोर नका दाखवू. अजून सहाच व्याख्यानं राहिलीत. तेवढी होऊ देत. मग ते स्वतःच थांबणार आहेत."

सासऱ्याचा चेहरा परक्यांना दिसू नये, असं काही आता नवीन निघालंय का? पडदा सुनांचा ऐकला होता, सासऱ्यांचा नव्हता ऐकला. बोर्सोक खाल्ले. विनंती मानली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत मधोमध आगाय, उंच पांढरी टोपी घातलेले, एका बाजूला बुरुल, दुसऱ्या बाजूला शारशेन बायके, त्यांच्यापलीकडे राजधानीची बाई. पन्नाशीची, करड्या कोटातली, जाड चष्मा, मांडीवर वही. मी बाजूच्या वाटेत संगणकापाशी. दिवे घालवले आणि चित्रण सुरू केलं.

पडदाभर आगायचा चेहरा आला. मी लोकांकडे वळलो, त्यांचा आ बघायला. कुणाचा झाला नाही. माझ्या जवळच्या रांगेतल्या कुबातनं मान खाली घातली. त्याच्या शेजाऱ्यानं घातली. मग एकेक रांग. वाऱ्यानं गवत आडवं व्हावं तसं सगळे पायांकडे बघू लागले. पडद्यावर आगाय भिंतीवर काठी दाखवत होते. मग ती उलटी स्लाइड आली, डोंगर वरून खाली लोंबत होते आणि आगाय सांगत होते, इथे खाली बघा. कचेरीतल्या अनिपाबाईंनी हुंदका दिल्यासारखं काहीतरी केलं. बुरुल दोन्ही हातांत चेहरा धरून बसली होती.

बाई मात्र बघत होती. वहीवर पेन टेकलेलं, लिहीत नव्हती.

इतकी शांतता झाली की प्रत्यक्ष आगाय चुळबुळले. मोठ्यानं विचारलं, "शारशेन, सगळे गप्प का? चित्र कसं आलंय?"

शारशेन बायकेंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्या गुरूच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"काही दिसत नाही, आगाय," ते म्हणाले. "नुसता अंधार आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "हो, काळं ठिक्कर." मग दुसरा, "हा कसला कॅमेरा?" मग सगळा हॉल. "आवाज तेवढा येतोय." "पैसे पाण्यात गेले." "स्टुडिओवाला म्हणे." माझं डोकं फिरलं, त्या गलक्यात मी तरातरा पहिल्या रांगेपुढे आलो. आरशासारखं चित्र समोर लखलखतंय आणि चारशे माणसं अंधार म्हणतात. हे सगळे आंधळे झालेत का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

आगायनी हात वर केला. "थांबा. मारलेनला विचारा, तो जाणकार आहे. मारलेन, कुठायस रे? तू सांग. खरंच अंधार आहे?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. ते माझ्या पलीकडच्या खांबाला विचारत होते.

पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. डोळे सताड उघडे. त्या दोन्ही बुबुळांवर तीच दुधी झाक होती, आणि आमच्या दोघांच्या मध्ये कुठलीही लेन्स नव्हती.

मला एकाएकी सगळं दिसलं. नावं सांगणारी माणसं, हातांत धरवून दिलेली चहाची वाटी, खोकून आत येणारी सून, दिवा नसलेली खोली, मी म्हणालो होतो "दिसत नाही का". सगळं गाव जाणत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण वडीलधाऱ्याची उणीव तोंडानं उच्चारायची नसते, आणि मी ती पडदाभर करून टांगली होती. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"हो आगाय," मी म्हणालो. "अंधारच आहे. कॅमेरा चुकीचा निवडला मी."

आता सगळे बाईकडे बघत होते. तिनं चष्मा काढला. काचा पुसल्या. पुन्हा डोळ्यांवर चढवेल असं वाटलं, पण घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सचं बटण लावलं.

"मला तर इथून काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "पण आवाज खणखणीत आहे. राहू दे चालू, ऐकू या."

मी संगणकापाशी परत जाऊन पडद्यावर काळी चौकट ओढली आणि आवाज वाढवला. उरलेलं व्याख्यान सगळ्या हॉलनं अंधारात बसून ऐकलं.

१३ डिसेंबर, शनिवार

कॅमेरा बटाट्याच्या टॅक्सीनं परत गेला. कमी उजेडात निरुपयोगी, असं स्वतःच्या हातानं लिहून सही केली. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं लिहिलं नव्हतं. शारशेन बायकेंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चांगल्या माईकच्या मागणीवर न बोलता सही केली. मी म्हणालो, "बायके, मला आधी सांगायचंत." ते म्हणाले, "काय सांगायचं? आणि कोणत्या तोंडानं?" या माणसाला मी गारठलेल्या डोक्याचा म्हटलं होतं.

बाईचा शेरा आला. ओस्मोनकुल यांची व्याख्यानं सुरू ठेवावीत, हॉलमध्ये प्रकाशाची सोय करू नये.

आता गावभर माझी टिंगल चालू आहे. पहारेकऱ्यानं बॅटरी पुढे केली, "घ्या, तुमच्या कॅमेऱ्याला द्या." पाववाली म्हणते, "स्टुडिओवाल्यांना दिवस आणि रात्र सारखीच वाटते का हो?" तिला खरं माहीत आहे, तिचा मुलगा हॉलमध्ये होता. तरी चिडवते. चिडवायलाच हवं, नाहीतर अंधार होता हे खरं कसं ठरायचं? मी मान हलवतो, पाव घेतो. रक्तदाब आश्चर्यकारकरीत्या उतरलाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

जुना कॅमेरा स्टँडवर चढवला. मुंग्यांचं वारूळ ठीक चाललंय. स्लाइडचे मी वेगळे स्वच्छ फोटो घेतोय, बुरुल क्रम लावून देते, आगायचा आवाज त्यांच्याखाली बसेल. त्यात कुणाचा चेहरा लागत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, म्हातारा तेच तर सांगत होता.

व्याख्यानाआधी माईक लावायला त्यांच्याजवळ गेलो.

"आगाय, मी मारलेन."

"माहीत आहे. तुझे बूट वाजतात. पहिल्या दिवसापासून वाजतात."

मी कॉलरला माईक अडकवत होतो. त्यांनी मान जरा माझ्याकडे वळवली, जवळजवळ बरोबर, आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"त्या दिवशी अंधार होता, ते सगळ्यांनी सांगितलं. माझा विश्वास आहे. पण माझा कोट तरी नीट दिसत होता ना? बुरुलनं रात्रभर इस्त्री केली होती."

बुरुल प्रोजेक्टरपाशी खाली बघत उभी होती.

"नीट दिसत होता, आगाय," मी म्हणालो. "कॉलरवरचे टाकेसुद्धा."

त्यांनी मान डोलावली आणि मला हातानं बाजूला सारलं. मी जाऊन दिवे घालवले.